'मंडळी', 'श्रम' आणि 'भाकर' : मराठी ख्रिस्ती परिभाषेचा एक अभ्यास

१. विषय आणि मर्यादा

ख्रिस्ती जीवनात श्रमाला व समुदायाला असलेले महत्त्व हा सामान्यतः धर्मोपदेशाचा विषय मानला जातो. प्रस्तुत लेखाचा हेतू उपदेशाचा नाही. या दोन मूल्यांना मराठीने कोणते शब्द दिले, त्या शब्दांनी मूळ कल्पनेचे कोणते अंग उजळले व कोणते झाकोळले, आणि ज्या समाजाने ते शब्द उच्चारले त्याच्या श्रमजीवनाशी त्यांचे नाते काय राहिले, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. प्रश्न भाषाशास्त्राचा असला तरी तो केवळ कोशापुरता उरत नाही. कोणाच्या कामाला 'सेवा' म्हणावयाचे आणि कोणाच्या कामाला नुसते 'काम', हे ज्या शब्दांनी ठरते ते शब्द माणसांचे मोलही ठरवीत असतात.

या अभ्यासाला सोलापूरइतके सोयीचे नगर महाराष्ट्रात क्वचितच असेल. शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत वावरणाऱ्या माणसाच्या कानावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा एका दिवसात पडतात. हातमाग व गिरणी यांवर वाढलेल्या या गावाला श्रमाची ओळख करून द्यावी लागत नाही. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे कार्य एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात सोलापुरात पोचले. रेल्वे नुकतीच आली होती. कापडाच्या मोठ्या गिरण्या अद्याप उभ्या राहावयाच्या होत्या. अर्थात येथील प्रॉटेस्टंट मंडळी आणि येथील औद्योगिक श्रमिक वर्ग हे दोन्ही जवळजवळ एकाच कालखंडात घडत गेले.

२. मूळ शब्दांचे नाते

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत श्रमासाठी मुख्यतः दोन शब्दकुळे येतात. 'एर्गॉन' म्हणजे काम, कृती; आणि 'कोपोस' म्हणजे अंग मोडून येईल असे कष्ट. 'कोपोस'पासून झालेले 'कोपिआओ' हे क्रियापद पौलाच्या पत्रांत दोन ठिकाणी सारख्याच सहजतेने वापरलेले दिसते. स्वतःच्या हातांनी केलेल्या पोटापाण्याच्या कामाला तो हेच क्रियापद लावतो आणि मंडळीसाठी केलेल्या धर्मकार्यालाही हेच लावतो. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात मरिया, त्रुफैना, त्रुफासा व पर्सिस या चार स्त्रियांचा गौरव त्याने याच क्रियापदाने केला आहे. हाताचे कष्ट आणि मंडळीची सेवा यांच्यात शब्दाची भिंत त्याने घातली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो स्वतः राहुट्या तयार करणारा कारागीर होता. करिंथ येथे अक्विला व प्रिस्किल्ला या समव्यवसायी दांपत्याच्या घरी राहून तो काम करीत असे, असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे.

जुन्या करारातील हिब्रू 'अवोदा' या शब्दाची व्याप्ती याहून विलक्षण आहे. शेतातील काम, मिसरमध्ये इस्राएल लोकांकडून सक्तीने करून घेतलेली विटामातीची मजुरी आणि देवाची उपासना या तिन्ही अर्थी एकाच धातूपासून आलेले शब्द योजले जातात. गुलामगिरी आणि उपासना यांतील भेद येथे कामाच्या प्रकारात नाही. ते काम कोणासाठी व कोणाच्या हुकुमाने होते यात आहे. हा मुद्दा पुढे महाराष्ट्राच्या संदर्भात पुन्हा उपस्थित होईल.

समुदायासाठी असलेला 'एक्लेसिया' हा शब्द 'कलेओ' म्हणजे 'बोलावणे' या क्रियापदापासून आला. मुळात तो नगरजनांच्या बोलावलेल्या सभेला लावीत. 'क्लेसिस' म्हणजे पाचारण हा शब्दही त्याच क्रियापदाचा. त्यामुळे ग्रीकमध्ये माणसाला आलेले बोलावणे आणि त्या बोलावण्याने जमलेला समुदाय ही एका कुळातील भावंडे ठरतात. तिसरा शब्द 'कोइनोनिया'. 'कोइनॉस' म्हणजे सामाईक. त्यावरून सामाईकपणा, वाटेकरीपणा असा त्याचा अर्थ. लॅटिनमधील समुदायवाचक 'कॉम्यूनितास' याच्या पोटातही 'मूनुस' म्हणजे कर्तव्य, वाट्याला आलेला भार हा शब्द आहे. त्या दृष्टीने जे भार वाटून घेतात त्यांचा समुदाय होतो.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. जेम्स बार यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बायबलच्या अर्थविचारावरील ग्रंथात दाखवून दिले की व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. शब्द उच्चारणाऱ्याच्या मनात त्याचा धातू जागा असतोच असे नाही, आणि धातूवरून धर्मसिद्धांत उभारणे ही पद्धती सदोष आहे. म्हणून वरील व्युत्पत्ती प्रमाण म्हणून न मानता दिशादर्शक म्हणून घ्याव्यात. प्रमाण शोधावयाचे ते प्रयोगात. आणि प्रयोग पाहावयाचा तर मराठी भाषांतरांकडे व मंडळीच्या बोलण्याकडे वळले पाहिजे.

३. मराठीत आलेली परिभाषा

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ने, म्हणजे १६१६ मध्ये झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रूढ झालेली परिभाषा त्या परंपरेतून आलेली नाही. ती एकोणिसाव्या शतकातील गद्य भाषांतरांनी घडवली. विल्यम कॅरे यांच्या श्रीरामपूर येथील छापखान्यातून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान व १८११ मध्ये नवा करार मराठीत निघाला. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले व त्यांनी आपला नवा करार १८२६ मध्ये पुरा केला. पुढे अनेक पुनरावृत्त्या झाल्या. १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'सारख्या नियतकालिकाने हे शब्द ग्रंथातून उचलून रोजच्या चर्चेत आणले. या शतकव्यापी खटाटोपातून पाळक, वडील, मंडळी, उपासना, पाचारण, सहभागिता असे शब्द स्थिर झाले. यांतील बहुतेक शब्द नवे नाहीत. मराठीत असलेलेच शब्द उचलून त्यांना विशिष्ट अर्थ दिला गेला. आणि म्हणूनच त्यांचा जुना अर्थ नव्या अर्थाच्या मागे सावलीसारखा उभा राहतो.

४. 'मंडळी'

'एक्लेसिया'ला प्रत्येक भाषेने काय प्रतिशब्द दिला हे सोलापुरातच ताडून पाहता येते. कन्नड ख्रिस्ती 'सभे' म्हणतात, तेलुगू ख्रिस्ती 'संघमु' म्हणतात, उर्दूत 'कलीसिया' हा मूळ ग्रीक शब्दच पश्चिम आशियातील भाषांतून फिरत आला आहे. मराठी कॅथलिकांचा शब्द 'ख्रिस्तसभा'. गोव्याच्या कोंकणीतील 'इगर्ज' हाही पोर्तुगीजमार्गे आलेला तोच ग्रीक शब्द. मात्र तो प्राधान्याने वास्तूला लावला जातो. 'सभा' म्हटले की जमणे व पांगणे मनात येते; 'संघ' म्हटले की नियम व शिस्त, आणि आपल्याकडे बौद्ध परंपरेचे स्मरण. मराठी प्रॉटेस्टंटांनी निवडलेला 'मंडळी' हा शब्द या सर्वांहून घरगुती आहे.

या शब्दाचे लौकिक प्रयोग पाहावेत. 'घरची मंडळी' म्हणजे कुटुंबातील माणसे. 'आमच्या मंडळींना बरे नाही' असे जुन्या पिढीचा गृहस्थ म्हणतो तेव्हा तो पत्नीविषयी बोलत असतो. 'चला मंडळी' हे सोबत्यांना घातलेले साकडे. आणि १८८० मध्ये स्थापन झालेली 'किर्लोस्कर नाटक मंडळी' किंवा १९१३ मधील 'गंधर्व नाटक मंडळी' या नावांत तो एकत्र राहून, एका पंक्तीला जेवून, एक व्यवसाय चालवणाऱ्या माणसांच्या संचाला लावला आहे. अर्थात 'मंडळी' या शब्दात आप्तभाव व सहकार्य या दोन्ही छटा होत्या. वेगवेगळ्या जातींतून आलेल्या माणसांना आपण आता एका घरचे आहो असे सांगावयाचे असेल तर याहून उचित शब्द सापडणे कठीण होते.

तथापि शब्द पारिभाषिक झाला की त्याचे व्याकरणही बदलते. लौकिक मराठीत 'मंडळी' हा समूहवाचक शब्द असून 'मंडळ्या' असे अनेकवचन फारसे ऐकू येत नाही. ख्रिस्ती मराठीत मात्र 'आशियातील सात मंडळ्या', 'जिल्ह्यातील मंडळ्या' असे म्हणतात. गणना होऊ लागली म्हणजे शब्द माणसांवरून संस्थेवर गेला. 'मंडळी आली' यातील माणसे चालत येतात. 'मंडळीची मालमत्ता' यातील मंडळी नोंदणीपुस्तकात असते. हा बदल दोषास्पद नाही, कारण संस्थेवाचून समुदाय टिकत नाही. परंतु घर आणि संस्था यांच्यातील ओढाताण या एका शब्दात कायमची साठून राहिली आहे. संबोधनांतही तीच ओढाताण दिसते. परस्परांना 'बंधू', 'भगिनी' म्हणणारे सभासद धर्मगुरूला 'पाळकसाहेब' म्हणतात. मेंढपाळाचे साधे काम दर्शवणारा 'पाळक' आणि अधिकार दर्शवणारा 'साहेब' यांचा हा समास मिशन कंपाउंडच्या समाजरचनेचा भाषिक अवशेष मानावयास हरकत नाही.

५. 'कष्टी' आणि 'पाचारण'

श्रमविषयक शब्दांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू ज्यांना विसाव्यासाठी बोलावतो त्यांचे पहिले वर्णन मूळ ग्रीकमध्ये 'कोपिआओ' या क्रियापदाने, म्हणजे 'राबणारे' असे केले आहे. प्रचलित मराठी भाषांतराने तेथे 'कष्टी' हा शब्द योजला. आता 'कष्ट' म्हणजे श्रम हे खरे. पण 'तो मनात कष्टी झाला' या वाक्यात कष्टी म्हणजे दुःखी. श्रम करणाऱ्याला आपण 'कष्टकरी' किंवा 'कष्टाळू' म्हणतो, 'कष्टी' म्हणत नाही. परिणाम असा की राबून थकलेल्या माणसाला दिलेले बोलावणे आजच्या मराठी श्रोत्याला मनाने खिन्न झालेल्या माणसाला दिलेले बोलावणे वाटते. विसावा हा अंगाचा राहत नाही, मनाचा होतो. गिरणीत पाळी करून आलेल्या किंवा दिवसभर विड्या वळून बोटे आखडलेल्या श्रोत्याला त्या वाक्यातील आपली जागा सहजी ओळखू येऊ नये, ही अर्थच्युती लहान नव्हे.

'क्लेसिस'साठी योजलेल्या 'पाचारण' या शब्दाचेही असेच. माक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या विख्यात निबंधात जर्मन 'बेरुफ' या शब्दाकडे लक्ष वेधले. लूथरच्या भाषांतरामुळे 'देवाचे बोलावणे' व 'माणसाचा व्यवसाय' हे दोन अर्थ त्या एका शब्दात मिसळले; चांभाराचे चांभारकाम हेही देवाचे पाचारण होऊ शकते, ही कल्पना भाषेनेच सुलभ केली, असा त्यांचा विचार होता. वेबर यांच्या एकूण सिद्धांतावर पुष्कळ आक्षेप घेतले गेले आहेत. परंतु त्यांचे भाषिक निरीक्षण उपयुक्त आहे. मराठीत असे मीलन झालेच नाही. 'पाचारण' हा शब्द दरबारी बोलावण्याचा. 'धंदा', 'उद्योग', 'चाकरी', 'मजुरी' हे शब्द त्याच्या आसपास फिरकत नाहीत. 'मला पाचारण झाले' असे म्हणणारा माणूस ख्रिस्ती मराठीत बहुधा धर्मोपदेशक व्हावयास निघालेला असतो; विणकर व्हावयास निघालेला नव्हे. 'सेवा' या शब्दाचाही असाच संकोच झाला. 'तो सेवेत आहे' म्हणजे तो धर्मकार्यात आहे. पौलाने जी भिंत घातली नव्हती ती मराठी परिभाषेने नकळत उभी केली, असे म्हणावे लागते.

६. वेठ, श्रम आणि निवड

परंतु या भिंतीचा दोष केवळ भाषांतरकारांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मराठी भाषेत श्रमाचे शब्द निर्मळ अवस्थेत उपलब्ध नव्हते; ते जातिव्यवस्थेने आधीच वाटून घेतले होते. अहमदनगर व सोलापूर भागातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार व मांग समाजांतून आला. गावगाड्यात महाराच्या वाट्याला वेशीची राखण, निरोप पोचवणे, सरकारी माणसाला वाट दाखवणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे वंशपरंपरेने आली होती. हे काम त्याने निवडलेले नव्हते आणि सोडण्याचीही मुभा नव्हती. त्या वतनांचा कायदेशीर शेवट १९५८ च्या मुंबई कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन अधिनियमाने झाला. अशा माणसाला 'श्रम हे श्रेष्ठ आहेत' असे सांगणे म्हणजे त्याच्या बेडीची स्तुती करण्यासारखे होण्याचा धोका होता. येथे 'अवोदा'चा उपरोल्लेखित द्व्यर्थ उपयोगी पडतो. मिसरमधील मजुरी आणि उपासना यांना एकच शब्द असला तरी जुन्या कराराची कथा त्या दोहोंना एक मानत नाही. पहिलीतून सुटल्यावाचून दुसरी होत नाही. श्रमाचे मूल्य सांगण्यापूर्वी श्रम नाकारण्याचे स्वातंत्र्य दिले पाहिजे, हा या कथेचा आशय होय.

थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रातील प्रसिद्ध वचनाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. काम न करणाऱ्याने खाऊ नये, असा त्याचा आशय सामान्यतः सांगितला जातो. १९३६ च्या सोव्हिएत संविधानातही हे तत्त्व समाविष्ट झाले. पण मूळ वाक्यात 'इच्छिणे' हे क्रियापद आहे: ज्याला काम करावयाची इच्छाच नाही, त्याच्याविषयी ते विधान आहे. ज्याला काम मिळत नाही, ज्याच्याने होत नाही, किंवा ज्याची गिरणी बंद पडली, त्याच्यावर ते लागू करणे हा पाठाचा विपर्यास होय. एकामागून एक गिरण्या बंद होताना पाहिलेल्या सोलापूरला हा भेद समजावून सांगावा लागू नये. इफिसकरांस पत्रात तर श्रमाचे प्रयोजनच वेगळे सांगितले आहे. पूर्वी चोरी करणाऱ्याने आता हातांनी काम करावे, ते गरजवंताला देण्यास आपल्यापाशी काही असावे म्हणून. श्रमाचा शेवट संचयात नसून वाटपात आहे, म्हणजेच श्रम समुदायात जाऊन मिळतो.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती संस्थांनी हा विचार कितपत अमलात आणला? उत्तर संमिश्र आहे. मिशनच्या उद्योगशाळांनी सुतारकाम, लोहारकाम, विणकाम शिकवले ते जातीने न ठरलेले काम म्हणून. अहमदनगर येथे डी. सी. चर्चिल या अमेरिकन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारित हातमाग तयार केला. दक्षिणेकडे बासेल मिशनने मंगळूरला विणकामाचे कारखाने चालवले व १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. आपल्या घरांवरील 'मंगलोरी कौले' हा शब्द त्याची खूण आहे. परंतु जेथे मालक, शिक्षक व धर्मगुरू ही तिन्ही नाती एकाच संस्थेत एकवटली तेथे कामगाराची मोकळीक कितपत उरली, हा प्रश्नही विचारलाच पाहिजे. मिशनची नोकरी आणि मंडळीचे सभासदत्व एकमेकांत गुंतले की समुदाय आश्रयदात्याचा होतो, सहभागाचा राहत नाही.

७. मुक्ती आणि 'सिस्टर'

या पार्श्वभूमीवर दोन उदाहरणे विशेष विचारार्ह ठरतात. पहिले पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या रमाबाईंनी दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रिया व मुली यांच्यासाठी पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे मुक्ती सदन उभारले. तेथे शेती, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दूधदुभते आणि छापखाना असे नाना उद्योग चालत. अंध स्त्रियांसाठी व समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र सदने होती. विशेष हे की मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील मुलींनीच खिळे जुळवून छापले. संपूर्ण ग्रंथ रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये बाहेर पडला. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळावे असे सोपे मराठी हे त्या भाषांतराचे उद्दिष्ट होते. ज्या हातांना समाजाने अपशकुनी ठरवले होते त्यांनी ग्रंथ जुळवला, आणि तो ज्यांच्यासाठी होता त्यांतच त्या स्वतःही होत्या. येथे हाताचे काम व धर्माचे काम यांत भेद करणे अशक्य होते. रोमकरांस पत्रातील त्या चार स्त्रियांचे क्रियापद येथे निःसंकोच लागू पडते.

दुसरे उदाहरण परिचर्येचे. आजाऱ्याचे मलमूत्र काढणे, जखमा धुणे ही कामे सवर्ण समाजात विटाळाची मानली जात. रुग्णालयातील परिचर्या हा स्त्रियांचा सन्मान्य व्यवसाय होण्यास म्हणूनच वेळ लागला. मिरज येथे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयासारख्या संस्थांतून ख्रिस्ती मुलींच्या पिढ्या या कामात शिरल्या. आज मराठी माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, रुग्णालयात 'सिस्टर' अशी हाक मारतो. युरोपातील धार्मिक भगिनीसंघांत रुजलेला हा नातेवाचक शब्द इंग्रजीतून येऊन मराठीत व्यवसायवाचक झाला. श्रम आणि समुदाय या दोन कल्पना एकाच शब्दात भेटल्याचे याहून बोलके उदाहरण आपल्या बोलीत नाही. 'परिचारिका' हा शासकीय शब्द त्याला हटवू शकला नाही, यातच त्याची शक्ती दिसते.

८. शेजारच्या परंपरा

हे सर्व मराठी भूमीत घडत असता तेथील जुन्या परंपरांशी त्याची तुलना टाळता येत नाही. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार यांच्या नावांतच त्यांचे काम आहे. आणि वारकरी परंपरेने ते काम भक्तीच्या आड येऊ दिले नाही. सोलापूरपुरते बोलावयाचे तर बाराव्या शतकातील शरण परंपरेने 'कायक' व 'दासोह' ही जोडी दिली. 'कायक' म्हणजे देहाने केलेले प्रामाणिक काम आणि 'दासोह' म्हणजे त्या कामाचे फळ समुदायात अर्पण करणे. येथील ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे तळे खोदवणारे योगी म्हणून स्मरले जातात, हेही सूचक आहे. इफिसकरांस पत्रातील विचाराशी या जोडीचे साम्य उघड आहे. साम्य म्हणजे उगम नव्हे, हे सांगावयास नको. ऐतिहासिक संबंधाचा पुरावा नसता तसा संबंध कल्पिणे अशास्त्रीय ठरेल. पण श्रोत्याच्या मनात नवा शब्द कोणत्या जुन्या शब्दाशेजारी जाऊन बसतो हे जाणणे अर्थविचाराला आवश्यक आहे. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी ते ओळखले होते. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत अभंग, पदे व भजन यांना त्यांनी मिळवून दिलेले स्थान, आणि १९१७ मध्ये मिशनच्या चाकोरीबाहेर त्यांनी उभा केलेला 'देवाचा दरबार', ही दोन्ही समुदायाला देशी रूप देण्याची खटपट होती.

९. 'भाकर'

शेवटी एका साध्या शब्दाकडे वळावयाचे आहे. भाषांतरकारांनी 'श्रम' व 'मंडळी' यांच्यातील दुवा परिभाषेत गमावला असेल, पण तो त्यांना अन्यत्र, बहुधा अभावितपणे, सापडला. ग्रीकमधील 'आर्टॉस' म्हणजे गव्हाची अथवा जवाची पाव-रोटी. मराठी भाषांतराने तेथे 'भाकर' हा शब्द घातला. प्रभूच्या प्रार्थनेतील रोजचे अन्न म्हणजे 'भाकर', आणि प्रभुभोजनात होते तेही 'भाकर मोडणे'.

ज्या जिल्ह्यात ज्वारी हे मुख्य पीक, जेथील मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेथे या शब्दाचे वजन सांगण्याची गरज नाही. भाकर ही कष्टाची असते. 'पोटाची भाकर' म्हणजे उपजीविका. 'भाकरतुकडा' म्हणजे गरिबाचे जेवण, आणि तो ओवाळून टाकावयाचाही असतो. महारवाड्यात तर भाकरीला आणखी कडू अर्थ होता: बलुत्यापोटी दारोदार मागून आणलेले शिळे तुकडे. ज्या समाजाने भाकर वरून टाकलेली झेलली होती त्याला मंडळीत एका ताटातील भाकर हातोहात मिळाली, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ कोशाने नव्हे, कृतीने बदलला. जेथे पंक्तिभेद मोडला तेथे 'मंडळी' हा शब्द खरा ठरला. जेथे तो छुपेपणाने टिकला, म्हणजे लग्नसंबंध ठरवताना पूर्वजात विचारली गेली, तेथे तो शब्द नुसते नाव राहिला.

युरोपीय भाषांतील 'कंपनी' हा शब्द लॅटिन 'कोम्' (सह) व 'पानिस' (भाकर) यांपासून झाला आहे. भाकर वाटून खाणारे ते सोबती. १८७७ मध्ये निघालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या नावात हा अर्थ कोणी शोधला नसेल, आणि बार यांचा इशारा मानता शोधूही नये. परंतु 'मंडळी' आणि 'कंपनी' हे दोन शब्द एकोणिसाव्या शतकात मराठीत परस्परांचे पर्याय म्हणून वावरत होते, नाटक मंडळीला 'नाटक कंपनी'ही म्हणत, हे प्रयोगाचे सत्य आहे. एकत्र राबणे आणि एकत्र खाणे या दोन गोष्टी मराठी भाषकाने एका शब्दात पाहिल्या होत्या.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनाचा सारांश असा. मराठी ख्रिस्ती परिभाषेने समुदायासाठी घरगुती व समर्थ शब्द निवडला; श्रमासाठी निवडलेले शब्द मात्र एकीकडे दुःखाकडे व दुसरीकडे धर्मोपदेशकाच्या व्यवसायाकडे झुकले. त्यामुळे सामान्य कष्टकऱ्याचे काम परिभाषेच्या बाहेर राहिले. ते आत आले ते मुक्ती सदनातील छापखान्यासारख्या प्रत्यक्ष कृतींतून, 'सिस्टर'सारख्या बोलीतील शब्दांतून आणि 'भाकर' या शब्दाच्या अनुभवातून. श्रमाचे मूल्य समुदायावाचून सांगितले तर ते वेठीचे समर्थन होते. समुदायाचे मूल्य श्रमावाचून सांगितले तर तो आश्रितांचा मेळावा होतो. ही गोष्ट धर्माच्या अंगाने सांगणारे पुष्कळ आहेत. शब्दांच्या इतिहासातूनही ती तितकीच स्पष्ट दिसते.

पुढील अभ्यासासाठी सोलापुरातच क्षेत्र उपलब्ध आहे. येथील मराठी, कन्नड व तेलुगू मंडळ्यांतील प्रवचने व प्रार्थना ध्वनिमुद्रित करून 'काम', 'सेवा', 'कष्ट', 'मंडळी' आणि त्यांचे प्रतिशब्द कोणत्या कर्त्यांबरोबर येतात, याची सूची करावी. 'सेवा' या क्रियेचा कर्ता कितीदा पाळक असतो आणि कितीदा विडी कामगार स्त्री असते, एवढी एक साधी गणनाही कोणत्याही सिद्धांतापेक्षा अधिक सांगून जाईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतल्यास ते मराठी समाजभाषाविज्ञानात मोलाची भर घालील, आणि ज्यांच्या शब्दांचा तो अभ्यास असेल त्यांच्याही उपयोगी पडेल.